पातळ फाईल

नानांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक अर्धं ब्लेड असायचं, कागदात गुंडाळलेलं. दाढीशी त्याचा संबंध नव्हता. एरंडोलच्या स्टँडसमोरच्या टपरीवर चहा सांगायचा, पेपर उघडायचा, ‘सहायक प्राध्यापक पाहिजेत’ असा चौकोन दिसला की टपरीवाल्याकडे बघायचं, आणि त्यानं मान हलवली की ब्लेड काढून तो चौकोन चारी बाजूंनी अलगद उचलायचा. मागच्या पानावर कुणाचं श्रद्धांजलीचं छायाचित्र असलं तर त्या बिचाऱ्याचं डोकं नानांच्या खिशात जायचं. टपरीवाला नंतरच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, “पेपरला खिडकी दिसनी का समजी ल्या, कोठेतरी जागा निंघनी.” आमची पहिली भेट त्या खिडकीतूनच झाली. मी पेपर वाचायला घेतला आणि भोकापलीकडे मला एक हसणारा, चष्मेवाला, विरळ केसांचा माणूस दिसला.

कागदोपत्री ते डॉक्टर रघुनाथ, वनस्पतिशास्त्राचे. बाकी सगळ्यांचे नाना. मी तेव्हा जळगावला पीएचडीला नुकताच लागलो होतो आणि ते माझ्याच मार्गदर्शकांकडून काही वर्षं आधी डॉक्टर होऊन बाहेर पडले होते. बाहेर पडले म्हणजे काय, तर आठवड्यातले तीन दिवस धुळ्याच्या एका कॉलेजात आणि तीन दिवस जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तास घेतला तर मोबदला, सुट्टी लागली की घरी. घर एरंडोलला, बरोबर मधोमध. “एरंडोल कसं शे, भो,” ते म्हणायचे, “इकडे जळगाव, तिकडे धुळं. मानूस कोठेच ऱ्हात नही आन् कोठेबी जाऊ शकस.” हे ते गंमत म्हणून सांगायचे. मीही हसायचो. तेव्हा मला हसायला सोपं होतं.

नाना शिकवायचे मात्र असे, की त्यांच्या तासाला दुसऱ्या शाखेची मुलं येऊन बसत. त्यांचा विषय केळीवरचा करपा रोग. तो फळ्यावर काढून दाखवणं त्यांना मंजूर नव्हतं. सावद्याच्या एखाद्या बागेतून रोगट पान आणायचे, ओल्या पोत्यात गुंडाळायचे आणि एसटीनं धुळ्याला न्यायचे. कंडक्टर ओळखीचा झाला होता. रोज विचारायचा, “सर, आज कोनाकडे सत्यनारायण?” वर्गात ते पान टेबलावर पसरलं जायचं, मुलं भोवती जमायची, आणि नाना बोटानं एकेक ठिपका दाखवत सांगायचे की हा तीन दिवसांचा, हा आठ दिवसांचा, आणि हा इथे आला म्हणजे शेतकऱ्याला उशिरा कळलं. मी एकदा मागच्या बाकावर बसून तो तास ऐकला. मला त्या दिवशी समजलं की या माणसाला नोकरी नको आहे, त्याला वर्ग हवा आहे. आणि नोकरी कायम झाल्याशिवाय वर्ग आपला होत नाही.

जळगावच्या एका टिश्यू कल्चरच्या कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. रोपं, प्रयोगशाळा, गाडी, सगळं. नाना दोन दिवस जाऊन आले आणि नको म्हणाले. मी कारण विचारलं तर त्यांनी पोत्यातलं पान सारखं करत एवढंच सांगितलं, “माले शिकाडनं शे.”

पण दुसऱ्यांच्या आयुष्याची आखणी करताना याच माणसाचं डोकं किती थंड चालायचं! पीएचडीला लागलेला कुणीही पोरगा किंवा पोरगी आली की नाना त्याला टपरीवर बसवून पाठकोऱ्या कागदावर सहा वर्षं आखून द्यायचे. पहिल्या वर्षी वाचन आणि कोर्सवर्क. दुसऱ्या वर्षी नमुने गोळा करा आणि एक तरी लेख पाठवा. प्रबंध लिहिताना एक डोळा बाहेर ठेवा, कंपन्यांची माणसं ओळखा, सेट-नेट आधीच उरका. “डिग्री भेटनी म्हणजे रस्ता संपना नही,” ते बजावायचे. “डिग्रीनंतर काय करू, हाई डिग्रीना आधी ठराव. मंग डोकं चालत नही, निस्ता घरना मानसं बोलतस.” माझ्याही आयुष्याचा तसा कागद त्यांनी केला होता. त्यातली प्रत्येक ओळ खरी ठरली. त्यांच्या स्वतःच्या नावाचा कागद मी कधी पाहिला नाही.

आणि फाईल! मुलाखतीची फाईल लावावी तर नानांनी. वर अनुक्रमणिका, त्यांच्या उजवीकडे कललेल्या अक्षरात. मग पदव्या, मग सेट, मग लेख, प्रत्येक लेखाच्या कडेला रंगीत कागदाची छोटी त्रिकोणी चिठ्ठी. समितीतल्या माणसाला बोट न चाटता पान उलटता आलं पाहिजे असा त्यांचा आग्रह. सर्वांत शेवटी प्लास्टिकच्या कप्प्यात एक कोरा कागद. तो कशाला, असं मी विचारलं होतं. “समिती आयत्या येळले काही लिखाले सांगी, तवय आपला कागद पाहिजे. दुसराना कागदवर आपलं नशीब कसाले लिखानं?”

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. बाहेरच्यांना ती ठाऊक नसते आणि आतल्यांना तिची लाज वाटेनाशी झालेली असते. बहुतेक मुलाखतींत माणूस आधीच ठरलेला असतो. पण मुलाखत दिसायला मुलाखतीसारखी दिसावी म्हणून आणखी दोन-तीन उमेदवार हजर लागतात. त्यांना आणणं हे ठरलेल्या उमेदवाराचं काम. तो मित्रांना फोन करतो. मित्र अर्ज भरतात, ठरल्या दिवशी येतात, सही करतात, पाच मिनिटं आत बसून चुकीची उत्तरं देतात आणि बाहेर येतात. याला म्हणायचं कोरमला बसणं. कोरमला बसणाऱ्यानं आपली खरी फाईल आणायची नसते. निम्मे लेख काढून टाकलेली, गुण कमी पडावेत अशी पातळ फाईल आणायची. मुलाखत संपली की निवड झालेल्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. बस्स, एवढा साधा व्यवहार.

नाना जिल्ह्यातल्या निम्म्या प्राध्यापकांच्या कोरमला बसले होते. माझ्यासाठी दोनदा बसले. दोन्ही वेळा माझं नाव आयत्या वेळी मागे पडलं तो भाग वेगळा, पण नाना आले, पातळ फाईल घेऊन आले आणि करपा रोग कशानं होतो या प्रश्नाला “सांगता येणार नाही” असं उत्तर देऊन आले. ते उत्तर मी दाराबाहेरून ऐकलं होतं. परतीच्या बसमध्ये मी ओशाळून काहीतरी बोललो, तर म्हणाले, “आज मी तुनाकरता वनू, उद्या तू मनाकरता येशी. बठ्ठास्नं व्हई जाई, भो.” सगळ्यांचं होऊन जाईल, असा त्यांचा हिशेब.

तो उद्या आला. धुळ्याच्या ज्या कॉलेजात नाना अकरा वर्षं पानं वाहून नेत होते, तिथेच जागा निघाली. ब्लेडनं कापलेला तो चौकोन नाना मला दाखवायला जळगावला आले. संस्थेच्या अध्यक्षांनीच त्यांना सांगितलं होतं की या वेळी आमचा कुणी नातेवाईक नाही, तुमचंच करून टाकू. नानांनी कोरमसाठी तिघांना सांगितलं, त्यात मी एक. माझी पातळ फाईलही त्यांनीच लावून दिली. माझी जाड फाईल तर त्यांनी पूर्वीच लावलेली होती, तिच्यातून पानं काढून प्रती केल्या आणि फाईल परत माझ्या हातात दिली. “पातळ आन, बरं. जाड आनशी ते माले घाम फुटी,” म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

त्या जाड फाईलबद्दल एक गोष्ट राहिली. तिच्यात तीन चांगले लेख होते आणि तिन्ही आम्हा दोघांचे. काम निम्म्याहून जास्त नानांचं. पण माझा प्रबंध अडकला होता, तेव्हा त्यांनी स्वतःहून माझं नाव आधी टाकलं. “माले काय घाई शे?” म्हणाले. गुणांच्या तक्त्यात पहिल्या नावाला जास्त गुण असतात, दुसऱ्याला उरलेले. आणि तासिका तत्त्वावरच्या त्यांच्या अकरा वर्षांना त्या तक्त्यात रकानाच नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. मुलाखतीच्या आधीच्या रविवारी दुपारी मी दार लावून दोघांच्या गुणांची बेरीज केली. ती का केली, याचं उत्तर मी आजवर टाळत आलो आहे. मी पस्तिशीला आलो होतो. वडील जळगावच्या दाणाबाजारात एका मारवाडी शेटजींकडे मुनीम होते, आणि रोज जेवताना शेटजींचा प्रश्न घरी आणायचे, “पोरगा कायम झाला का?” पण हे कारण पुढे करून मी सुटणार नाही. पस्तिशीचे आणि मुनिमांचे मुलगे पुष्कळ असतात. मी दोन्ही फायली पिशवीत घातल्या.

मुलाखतीला नाना पांढरा शर्ट घालून आले होते आणि खिशात ब्लेड नव्हतं. आम्ही चौघे व्हरांड्यात बाकावर बसलो. कार्यालयातला क्लार्क फायली गोळा करायला आला आणि सहज बोलून गेला, “आज तज्ज्ञ मोठे कडक आहेत. म्हणाले, गुण मोजूनच घेणार, कुणाचं ऐकणार नाही.” नानांचा चेहरा खुलला. “मोजू दे, मोजू दे,” म्हणाले. बाकावर त्यांच्याहून जाड फाईल कुणाचीच नव्हती, अशी त्यांची खात्री होती. क्लार्क माझ्यासमोर आला. मी पिशवीत हात घातला. पातळ फाईल वर होती. मी तिच्याखालची काढली.

नानांनी ती पाहिली. रंगीत त्रिकोणी चिठ्ठ्या त्यांनीच कापलेल्या, न ओळखायला काय झालं? त्यांना वाटलं असेल की माझी चूक झाली, आत गेल्यावर मी सांगून टाकीन. मला आजही वाटतं की त्यांना तसंच वाटलं. आत मला करपा रोगावर प्रश्न विचारला आणि मी ठिपक्यांचं वय सांगितलं, तीन दिवसांचा, आठ दिवसांचा, शेतकऱ्याला उशिरा कळलेला. तज्ज्ञ खूश झाले.

मी आयुष्यात पाहिलेली ती एकमेव प्रामाणिक मुलाखत. गुण मोजले आणि जास्त गुणांच्या माणसाला घेतलं. अध्यक्षांनी मला पुन्हा आत बोलावून विचारलं, “रुजू व्हाल ना? तसं लिहून द्या.” कागद शोधायची वेळ आली नाही. फाईलच्या शेवटी नानांनी ठेवलेला होता. मी त्याच्यावर संमती लिहिली आणि सही केली.

भरिताचे दिवस होते. नानांनी सकाळीच पारोळा रस्त्यावरच्या एका ढाब्यावर चौघांचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी सांगून ठेवल्या होत्या. बाहेर आलो तेव्हा बाकीचे दोघे खाली बघत होते. नाना उठले. “चाला,” म्हणाले, “भरीत थंडं व्हई जाई.” आम्ही जेवलो. वांगी बामणोदची होती की कुठली याबद्दल कुणीतरी दोन वाक्यं बोललं. शेवटी ढाबेवाल्यानं बिल नानांसमोर ठेवलं, तेव्हा नानांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. रीत तशीच होती. उठताना त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, “फाईल चांगली लायेल व्हती.” अहिराणीत ते माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य.

कायमचा माणूस आला की तासिकांची गरज उरत नाही. नानांचे धुळ्याचे तास मला मिळाले. पहिल्या दिवशी मी वर्गात प्रोजेक्टर लावला आणि करपा रोगाची उत्तम छायाचित्रं दाखवली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, पान नाही आणलं?” मी म्हणालो, यात सगळं स्पष्ट दिसतं. ती वहीत लिहायला लागली, पण टेबलाकडे कुणी उठून आलं नाही.

पुढच्या वर्षी जळगावचे तासही गेले. टिश्यू कल्चर कंपनीत नाना जाऊन आले, तर त्यांची जागा भरून कितीतरी वर्षं झाली होती. मी दोनदा फोन केला. एकदा उचलला नाही आणि एकदा उचलून “बोला सर” म्हणाले. मी तब्येत विचारून ठेवून दिला. नंतर कळलं की त्यांनी एरंडोल सोडलं, जळगावातच मेहरूणला तलावाच्या बाजूला एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकलं आहे आणि पीएचडीच्या पोरांना कागद आखून देतात, फायली लावून देतात. ही बातमी आणणारा माझाच विद्यार्थी होता, कारण एव्हाना मीही मार्गदर्शक झालो होतो. तो म्हणाला, “सर, त्यांची एकच अट आहे. पातळ फाईल ते करून देत नाहीत. म्हणतात, कोरमला जाऊ नको, आणि गेलास तर सगळं घेऊन जा.” मी बोलण्याचा विषय बदलला.

गेल्या वर्षी आमच्या विभागात पुन्हा जागा निघाली. विभागप्रमुख म्हणून मी समितीत होतो. माणूस ठरलेला होता, अध्यक्षांच्या भाच्याचा मेहुणा, आणि आदल्या दिवशी मला तसं सांगण्यात आलं होतं. कोरमचे दोघे आपापल्या पातळ फायली घेऊन आले. चौथी उमेदवार मात्र कुणाच्या सांगण्यावरून आली नव्हती. वैशाली तिचं नाव, चोपड्याकडची. तिनं फाईल समोर ठेवली आणि मी वाचायच्या आधीच ओळखली. उजवीकडे कललेलं अक्षर, रंगीत त्रिकोण. तज्ज्ञांनी तिला विचारलं, “फाईल सुरेख लावलीय, कुणी शिकवलं?” ती म्हणाली, “मेहरूणचे नाना सर. ते बाहेर बसलेत.” मग तिनं पिशवीतून ओल्या पोत्यात गुंडाळलेलं केळीचं पान काढलं आणि टेबलावर पसरायला लागली. अध्यक्ष म्हणाले, “अहो बाई, टेबल ओलं होईल.”

तिचे गुण सगळ्यांत जास्त होते. लेखांचे गुण कापता येत नाहीत, मुलाखतीचे आपल्या हातात असतात. मी तिला किती कमी दिले ते सांगत नाही. पुरेसे कमी दिले. शेवटी निवडीचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “एखादा कागद द्या हो कुणीतरी.” वैशालीची फाईल माझ्यासमोरच उघडी होती. माझा हात सरळ शेवटच्या कप्प्यात गेला. कोरा कागद कुठे असतो हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी तो काढून दिला आणि अध्यक्षांनी त्याच्यावर भाच्याच्या मेहुण्याचं नाव लिहिलं.

फाईल परत करायला मी स्वतः बाहेर गेलो. शिपायाकडे देता आली असती, पण मला नानांना बघायचं होतं, आणि त्यांनी मला शिवी द्यावी असंही कुठेतरी वाटत होतं. ते त्याच बाकावर बसले होते. केस आता अगदीच थोडे, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कागदाची ती बारीक गुंडाळी. मी फाईल वैशालीला दिली, ती नानांनी तिच्या हातातून घेतली आणि सवयीनं पहिल्या पानापासून तपासायला लागले. एकेक चिठ्ठी, एकेक पान. शेवटच्या कप्प्याशी आले आणि थांबले. रिकाम्या प्लास्टिकमध्ये त्यांनी दोन बोटं घालून पाहिली. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

“शेवटचा कागद उपयोगी पडला वाटतं, सर,” ते म्हणाले. स्वच्छ, पुस्तकी मराठीत.

त्यांनी आपल्या पिशवीतून एक नवा कोरा कागद काढला, कडा जुळवून तो कप्प्यात सरकवला आणि फाईल बंद करून वैशालीच्या हातात दिली.

“चाल माय,” ते तिला म्हणाले, “साडेतीननी गाडी सापडी.”